जुन्या गाडीचा हार्नेस पुन्हा गुंडाळण्याआधी तो नीट वाचा

प्रश्न असा आहे: १९७० च्या आसपासची ब्रिटिश गाडी, इंजिन उतरवलेलं, बॉनेटखालच्या वायरिंगवरची टेप सुटून लोंबतेय आणि हात लावला की तिचे तुकडे पडतायत. आतल्या वायरी बऱ्या दिसतात. नवा हार्नेस, म्हणजे टेपने एकत्र गुंडाळलेला वायरींचा जुडगा, न घेता हाच साफ करून पुन्हा गुंडाळता येईल का? गाडीवर ठेवूनच करावं की बाहेर काढावं? आणि टेप कुठली वापरावी?

गुंडाळता येईल, आणि तुम्ही लिहिलंय तशी अवस्था असेल तर तेच करा. इंजिन बाहेर आहे तर हार्नेस काढूनच करा. टेप बिनचिकट पीव्हीसीची घ्या. तिन्ही प्रश्नांची उत्तरं एवढीच आहेत. पण गेली कित्येक वर्षं हेच काम करताना मला दिसलंय की लोक टेपचा विचार आधी करतात आणि वायरींचा नंतर. टेप म्हणजे इन्सुलेशन नव्हे. करंट अडवायचं काम प्रत्येक वायरीच्या स्वतःच्या आवरणाचं. वरची टेप जुडगा एकत्र धरते, घासण्यापासून वाचवते आणि त्याला आकार देते. म्हणून फाटलेल्या आवरणावर छान टेप मारली की दोष झाकला जातो, दूर होत नाही. तुमचा हार्नेस पन्नास वर्षांत पहिल्यांदा उघडा होणार आहे. आत काय चाललंय हे बघायची संधी आत्ताच आहे. पुन्हा गुंडाळल्यावर ती मिळणार नाही.

आधी एक गोष्ट तपासा, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. वायरींचं आवरण रबराचं आहे की पीव्हीसीचं? १९५० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत रबरी आवरणावर सुती विणकाम आणि त्यावर लाखेसारखा लेप असायचा. ते रबर आतून वाळून बिस्किटासारखं होतं. बाहेरून वायर धडधाकट दिसते, वाकवली की आत भुगा होतो. अशा वायरी गुंडाळायच्या भानगडीत पडू नका, त्या बदलायच्याच. तुमच्या काळातल्या गाडीत पीव्हीसी असणार. तरी खात्री करून घ्या: इंजिनाजवळच्या, सगळ्यात तापणाऱ्या भागातली एक वायर पेन्सिलीभोवती वळवून बघा. आवरणाला भेग पडली नाही, ते पांढरं पडलं नाही, तर पुढे जा. थोडी ताठ झाली असेल तर घाबरू नका. पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं, त्यामुळे वायर ताठ होते, पण तेवढ्याने ती निकामी होत नाही.

आता काढण्याबद्दल. बॅटरीची तार आधी सोडा, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. त्यानंतर लगेच पाना हातात घेऊ नका, कॅमेरा घ्या. प्रत्येक जोड जवळून आणि थोडं लांबून असे दोन दोन फोटो काढा. हार्नेस कुठल्या ब्रॅकेटच्या पुढून जातो, कुठल्या पाइपच्या मागून जातो, क्लिपा कुठे आहेत, हे सगळं फोटोत आलं पाहिजे. ‘लक्षात राहील’ असं वाटतं, पण तीन महिन्यांनी गाडी जोडायला घ्याल तेव्हा राहणार नाही.

चिठ्ठ्या प्रत्येक टोकाला लावा, वायरीच्या रंगावर विसंबू नका. पन्नास वर्षांच्या तेलाने आणि उष्णतेने हिरवा आणि फिकट हिरवा एकच दिसतात, जांभळा तपकिरी होतो, आणि पट्टी असलेल्या वायरीची पट्टी अनेकदा पार उडून गेलेली असते. कागदी चिकटपट्टीवर नाव लिहून ती वायरीला चिकटवली तर धुताना गळून पडते. मी जाड कागदाचे छोटे तुकडे दोऱ्याने बांधतो आणि त्यावर पेन्सिलीने लिहितो. पेनाची शाई साफसफाईच्या द्रावणात पसरते, पेन्सिल टिकते. आणखी एक खूण फार उपयोगी पडते: हार्नेस जिथे जिथे क्लिपेत किंवा ग्रोमेटमध्ये (पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्यात) बसतो, नेमक्या त्या जागी पांढरा दोरा गाठ मारून बांधा. टेप निघाली की हार्नेसवरच्या सगळ्या खुणा जातात. मग फांदी दोन इंच पुढे फुटली की दिव्याच्या प्लगपर्यंत ती पोचत नाही.

बाहेर काढल्यावर हार्नेस एका मोठ्या प्लायवूडवर, गाडीत होता त्याच वळणांत पसरा. पेन्सिलीने त्याचा नकाशा त्या फळीवर काढा. जिथे फांद्या फुटतात तिथे दोन्ही बाजूंनी बारीक खिळे ठोका, म्हणजे जुडगा जागचा हलणार नाही. कारखान्यात हार्नेस बनवतात तेही अशाच फळीवर. आणि वळणांची काळजी घ्या. सरळ रेषेत घट्ट गुंडाळलेला हार्नेस नंतर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) कोपऱ्यात वळवला तर आतल्या बाजूला टेपच्या सुरकुत्या पडतात, बाहेरच्या बाजूच्या वायरी ताणल्या जातात आणि तो ताण थेट टोकाच्या जोडावर येतो.

टेप उघडताना हार्नेसवर लांबच लांब चीर कधीही मारू नका, हात कितीही स्थिर असला तरी. ब्लेड एका वायरीला नुसतं ओरखडून जातं, तेव्हा काही दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी पाणी तिथूनच आत शिरतं. शिलाई उसवायचं हत्यार किंवा बोथट टोकाची कात्री वापरा, टेपचं टोक शोधा आणि उलट्या दिशेने सोडत जा. एका वेळी हातभर भाग उघडायचा, लगेच दर १० ते १२ सेंटिमीटरवर मेणाच्या दोऱ्याने सैलसर गाठ मारायची, मग पुढचा हातभर. सगळी टेप एकदम काढली तर वायरी आपापल्या जागा सोडतात. मूळ जुडग्यात कुठली वायर मध्यात, कुठली कडेला, हे ठरवून रचलेलं असतं. पुढे फुटणाऱ्या वायरी त्या बाजूला असतात. तो क्रम गेला की फांद्या एकमेकींना ओलांडून बाहेर येतात आणि हार्नेस गाठाळ दिसतो.

एक्झॉस्टजवळ जुनी पांढरट, विणलेली उष्णतारोधक नळी असेल तर ती खरवडू नका, झटकू नका. जुन्या गाड्यांत अशा नळ्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओली करून, तोंडाला योग्य मास्क लावून, अख्खी काढून पिशवीत बंद करा आणि जागी काचतंतूची नवी नळी घाला.

साफसफाईला कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण पुष्कळ होतो. फडकं ओलं करून एकेक वायर पुसायची. हार्नेस बुडवून ठेवू नका, निदान टोकं तरी पाण्याबाहेर ठेवा, कारण तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं आत चढतं आणि आवरणाखाली अडकून राहतं. जुन्या चिकट टेपचा गोंद राहिला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन यांतलं काहीही वायरींना लावू नका. त्या क्षणी लख्ख निघतं, पण पीव्हीसी फुगतं किंवा नंतर कडक होतं. सिलिकॉनचा फवारा मारून वायरी चमकवायचा मोहही टाळा, त्यावर टेप बसत नाही, घसरते. पुसून झालं की हवेशीर जागी एक पूर्ण दिवस वाळू द्या.

इथपर्यंत मेहनत आहे. खरं काम इथून पुढे.

स्वच्छ, उघडा, दोऱ्याने बांधलेला हार्नेस फळीवर असेल तेव्हा चांगल्या उजेडात बसा आणि टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत जा. नुकसान बहुतेक वेळा ठरावीक जागीच सापडतं: फायरवॉलच्या भोकात, जिथे रबरी ग्रोमेट सुकून गेलेलं असतं, लोखंडी पट्टीच्या क्लिपांखाली, जिथे वायरी चपट्या होतात, बॅटरीच्या खाली, जिथे आम्ल सांडलेलं असतं, आणि पुढच्या दिव्यांमागे, जिथे चाकांचं पाणी उडतं. आवरण मऊ आणि चिकट लागलं तर तेल मुरलंय. चकचकीत होऊन शेजारच्या वायरीला चिकटलं असेल तर ती वायर कधीतरी तापून गेलीय. अशी एक जळकी वायर सापडली की ती जिथून निघते तिथपासून संपते तिथपर्यंत पूर्ण उघडा. वायर तापते ती एका जागी नाही, लांबीभर तापते, आणि तिच्या शेजारणींची आवरणंही त्याच रेषेत वितळलेली असतात.

टेपखाली कारखान्याने केलेले जोडही सापडतील. एकाच हिरव्या वायरीतून चार-पाच हिरव्या वायरी फुटलेल्या असतात, धातूच्या पट्टीने दाबलेल्या किंवा वेल्ड केलेल्या. सर्किटच्या नकाशावर तिथे नुसता ठिपका असतो, तो प्रत्यक्ष हार्नेसमध्ये कुठे आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं. अशा प्रत्येक जोडाची जागा एका ठरलेल्या टोकापासून मोजून वहीत लिहा. पुढे कधी वायपर, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर एकदम बंद पडले तर टेप नेमकी कुठे उघडायची ते कळेल. जोड हिरवट पडला असेल तर तो कापून नवा करा. मध्येच कुणीतरी वायर सोलून, नवी वायर पिळून, वर टेप मारलेलीही दिसेल. तो जोड रेडिओचा असतो, हॉर्नचा असतो, जादा दिव्यांचा असतो. एका गाडीत मला असे सात जोड एकाच हाताच्या अंतरात सापडले होते. त्यातले तीन कुठेच जात नव्हते, टोकं तशीच नागडी आत दडवलेली, आणि त्यातलं एक बॅटरीला थेट जोडलेलं होतं. गाडीचा मालक वर्षभर बॅटऱ्या बदलत होता.

रंगांची भाषा समजली की हार्नेस वाचता येतो. त्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांत ल्यूकस या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीची रंगपद्धत असते. तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट, फ्यूज नसलेला प्रवाह. जांभळा म्हणजे कायम चालू पण फ्यूजमधून आलेला, हॉर्न आणि आतल्या दिव्यासाठी. पांढरा म्हणजे इग्निशन चालू केल्यावर मिळणारा, बहुधा फ्यूजविना. हिरवा तोच, पण फ्यूजनंतर. निळा मोठ्या दिव्यांचा: निळा-पांढरा हाय बीम, निळा-लाल डिप. लाल बारीक दिव्यांचा. हिरवा-लाल डावा इंडिकेटर, हिरवा-पांढरा उजवा. पांढरा-काळा कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारा. काळा म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर. जर्मन गाडी असती तर रंगापेक्षा आकडे बघायला सांगितलं असतं, कारण तिथे ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, ३१ म्हणजे अर्थ, असे क्रमांक टोकांवर छापलेले असतात. तुमच्या गाडीत मात्र तपकिरी आणि पांढऱ्या वायरींकडे सगळ्यात बारकाईने बघा. त्यांना संरक्षण द्यायला फ्यूजच नाही. हिरव्या वायरीचं आवरण फाटून ती पत्र्याला लागली तर फ्यूज उडेल. तपकिरी लागली तर हार्नेस पेटेल.

फ्यूजचा विषय निघाला आहे तर हेही सांगून ठेवतो. त्या काळच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपियर लिहिलेलं असतं, पण तो आकडा फ्यूज वितळण्याचा आहे. तो सतत वाहून नेऊ शकतो साधारण १७ अँपियर. हल्लीच्या पात्याच्या फ्यूजवर लिहिलेला आकडा सतत वाहायच्या प्रवाहाचा असतो. म्हणजे जुन्या ३५ च्या जागी नवा ३५ बसवला तर संरक्षण अर्ध्यावर आलं. १५ किंवा फार तर २० चा बसवा.

बदलायची वायर मापाने घ्या. मूळ वायरींचं माप ‘१४/०.३०’ असं असतं, म्हणजे ०.३० मिलिमीटर जाडीच्या १४ तारा, मिळून १ चौरस मिलिमीटर तांबं. ती जवळपास ८.७५ अँपियर सांभाळते. ‘२८/०.३०’ म्हणजे २ चौरस मिलिमीटर, १७.५ अँपियर. मोठ्या दिव्यांना आणि मुख्य पुरवठ्याला दुसरी किंवा त्याहून जाड लागते. जुडग्याच्या मध्यात असलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे हे आकडे काठोकाठ वापरू नका. आणि रंग मूळचाच घ्या. हाताशी असलेली लाल वायर सगळीकडे वापरली की पुढच्या माणसाला, आणि तो माणूस बहुधा तुम्हीच असाल, हार्नेस वाचता येत नाही.

जोड करताना डाख (सोल्डर) की दाबून बसवलेली टोपी, यावर दोन मतं आहेत. माझं स्पष्ट मत: हार्नेसच्या मध्यात योग्य हत्याराने दाबलेला उघडा धातूचा जोड, त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी. डाख तारांमधून पुढे झिरपतो, तेवढा भाग कडक सळईसारखा होतो, आणि इंजिनाच्या थरथराटाने वायर नेमकी त्या कडेला तुटते. टोकाच्या पितळी बुलेटला (गोळीच्या आकाराच्या जोडाला) डाख चालतो, मूळचे कित्येक तसेच असतात, पण तिथेही वायर लगेच मागे धरलेली हवी. तयार मिळणारे लाल-निळ्या प्लॅस्टिकचे जोड हार्नेसच्या आत घालू नका. ते जाड असतात, पाणी अडवत नाहीत आणि वरून गुंडाळल्यावर अजगराने काही गिळल्यासारखा फुगवटा दिसतो. दोन-तीन वायरींना जोड द्यायचे असतील तर ते एकाच जागी आणू नका, पाच पाच सेंटिमीटर मागेपुढे ठेवा. सोललेली तार काळी पडलेली असेल तर आणखी मागे कापत जा, लख्ख तांबं दिसेपर्यंत. काळ्या तांब्यावर डाख धरत नाही आणि दाबलेला जोडही टिकत नाही.

वायर ‘चालू आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. मल्टिमीटरचा बीप एकाच शिल्लक तारेवरही वाजतो. त्या सर्किटवर भार टाकून दोन टोकांतला व्होल्टेजचा फरक मोजा. एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर तो जोड खराब आहे, आणि पूर्ण सर्किटमध्ये अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर कुठेतरी शोधायला हवं. ५५ वॅटचे दोन दिवे ९ अँपियरच्या आसपास ओढतात. वाटेत ०.१ ओहमचा गंजका जोड असला तरी जवळजवळ एक व्होल्ट तिथेच जातो. आणि दिव्याचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने उतरतो: १२ च्या जागी १०.८ व्होल्ट मिळाले की प्रकाश सुमारे ७० टक्क्यांवर येतो. ‘जुन्या गाड्यांचे दिवे मिणमिणतेच असतात’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. जोड साफ करून आणि अर्थच्या जागेवरचा रंग खरवडून तेच दिवे झळझळीत लागलेलेही तेवढ्याच वेळा पाहिलेत.

मोठ्या दिव्यांसाठी रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, घालायचा विचार असेल, मूळ स्विचवरचा भार कमी करायचा असेल, रेडिएटरला विजेचा पंखा लावायचा असेल, तर त्या वायरी आत्ताच आत घाला. मी पुढून डॅशबोर्डपर्यंत दोन मोकळ्या वायरी नेहमीच टाकून ठेवतो, दोन्ही टोकं बंद करून, चिठ्ठी लावून. पंखा किंवा धुक्याचे दिवे आज नको असतील, तीन वर्षांनी हवे असतात. बाहेरून ओढलेली वेगळी वायर आणि तिच्यावरचे प्लॅस्टिकचे पट्टे बघितले की गाडीवर केलेली सगळी मेहनत फिकी पडते.

यानंतर बहुतेक जण टेप उचलतात. थांबा. दोऱ्यांनी बांधलेला हार्नेस तसाच गाडीत नेऊन ठेवा, सगळं जोडा आणि चालवून बघा. बॅटरीच्या मुख्य तारेत २१ वॅटचा एक बल्ब मध्ये जोडा. कुठे शॉर्ट असेल तर तो बल्ब भकदिशी पूर्ण लागेल आणि पावणेदोन अँपियरच्या वर प्रवाह जाणार नाही, म्हणजे काही जळणार नाही. बारीक दिवे, इशाऱ्याचे दिवे, आतला दिवा असं एकेक करून बघा. सगळं ठीक वाटलं की बल्ब काढून फ्यूजसह मोठे दिवे, वायपर, हॉर्न तपासा. फांद्यांची लांबीही याच वेळी कळते. स्टिअरिंग पूर्ण फिरवून बघा, इंजिन माउंटिंगवर हलणार आहे हे ध्यानात ठेवून तिथे थोडी ढील सोडा. मग हार्नेस पुन्हा बाहेर, फळीवर.

आता टेप. बिनचिकट पीव्हीसी टेप म्हणजे हार्नेससाठीच बनवलेली, मऊ, किंचित ताणली जाणारी पट्टी. तिला गोंद नसतो, ती स्वतःवरच बसते. त्या काळातल्या कारखान्यांनी हीच वापरली, म्हणून गाडीत मूळचीच दिसते. त्यापेक्षा महत्त्वाचं कारण हे की ती पुन्हा उघडता येते. घरातल्या वायरिंगला मारायची काळी चिकट टेप मी सुरुवातीच्या काळात एका पूर्ण हार्नेसवर मारली होती. दोन उन्हाळ्यांत गोंद पातळ होऊन कडांमधून बाहेर आला, त्यावर धूळ बसली, टोकं उलटली, आणि एक वायर शोधायला उघडलं तेव्हा आतल्या प्रत्येक वायरीवर काळा राळेसारखा थर होता. तो काढण्यात चार दिवस गेले. त्या दिवसानंतर तसली चिकट टेप मी फक्त शेवटच्या टोकाला, एक-दोन वेढ्यांपुरती वापरतो.

इंजिनाच्या अगदी जवळ, जिथे उष्णता सतत असते, तिथे पॉलिएस्टर कापडाची हार्नेस टेप उत्तम. ती १२५ ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारी मिळते, तर साधी पीव्हीसी टेप साधारण ८० ते १०५ च्या दरम्यान असते. कापडी टेपला गोंद असतो, पण तो उष्णतेत वाहत नाही. मऊ फ्लीसची टेप डॅशबोर्डमागे चांगली, खडखडाट होऊ देत नाही, पण पाणी शोषते, म्हणून बॉनेटखाली नको. खाचांची प्लॅस्टिक नळी हल्लीच्या गाड्यांत दिसते ती इथे मला मान्य नाही. तिच्यात पाणी आणि वाळू साचते, वायरी आत मोकळ्या हलतात आणि जुन्या गाडीच्या बॉनेटखाली ती उपरी दिसते.

सुती विणकाम असलेला हार्नेस ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी दोन ओळी: ते विणकाम यंत्रावर होतं, हाताने जमत नाही. मूळ रूप हवं असेल तर विणणाऱ्याकडे द्या. तयार विणलेली नळी ओवायची असेल तर टोकांवरचे सगळे जोड आधी काढावे लागतात, आणि नळीचं कापलेलं टोक मेणाच्या दोऱ्याने बांधून त्यावर शेलॅकचा थेंब द्यावा लागतो.

टेप किती लागेल? २५ मिलिमीटर रुंद टेप, अर्धी अर्धी चढवत, २ सेंटिमीटर जाड जुडग्यावर: प्रत्येक वेढा सुमारे ६.३ सेंटिमीटर टेप खातो आणि तुम्हाला सव्वा सेंटिमीटर पुढे नेतो. म्हणजे एका मीटरला ८० वेढे, पाच मीटर टेप. बारीक फांद्यांना १९ मिलिमीटरची घ्या, रुंद टेप बारीक जुडग्यावर चुण्या पाडते. अंदाजापेक्षा एक गुंडाळी जास्तच आणा, दुसऱ्या खेपेची टेप चकाकीत वेगळी निघते.

गुंडाळायला सुरुवात करण्यापूर्वी सगळी रबरी ग्रोमेटं, बूट आणि आवळणाऱ्या नळ्या वायरींवर चढवल्या आहेत ना, हे एकदा मोजून बघा. ग्रोमेट विसरला तर त्या बाजूचे सगळे जोड पुन्हा काढावे लागतात.

सुरुवात बारीक फांद्यांच्या टोकाकडून, खोडाकडे. जोडापासून तीन-चार सेंटिमीटर वायरी मोकळ्या सोडा, नाहीतर प्लग काढता-घालता येत नाही. पहिले दोन वेढे एकाच जागी, एकमेकांवर, मग अर्धी टेप चढवत पुढे. ताण एवढाच की टेप सपाट बसावी आणि तिची कड थोडी दबावी. फार ताणली तर पुढे आकसून मागे सरकते आणि हार्नेस काठीसारखा ताठ होतो. सैल सोडली तर पहिल्याच उन्हात लोंबते. मनगटाला तो ताण सापडायला एक मीटर जावा लागतो, म्हणून सुरुवात डॅशबोर्डमागच्या, न दिसणाऱ्या भागाने करा. उभ्या भागात खालून वर गुंडाळत जा. मग प्रत्येक वेढ्याची उघडी कड खाली तोंड करते आणि कौलांवरून ओघळतं तसं पाणी वरून निघून जातं. उलट केलंत तर प्रत्येक वेढा पाण्यासाठी पन्हळ होतो.

फांदी फुटते त्या जागी घाई करू नका. आधी फांदी तिच्या मुळापर्यंत गुंडाळून घ्या. मग खोडावरून येताना एक वेढा फांदीच्या खालून, एक काखेतून तिरका वर, एक उलट बाजूने, असा आठच्या आकड्यासारखा फिरवा. तीन वेळा केलं की काखेतलं भोक बंद होतं आणि फांदी हव्या त्या कोनात उभी राहते. तीन-चार फांद्या एकाच ठिकाणी फुटत असतील तर आधी तिथे मेणाच्या दोऱ्याने आवळून घ्या, टेपवर तो ताण टाकू नका. दर हातभर अंतरावर थांबून मागचा भाग बोटांत धरून पिळून बघा. टेप सरकली तर तेवढी उलगडून पुन्हा करा, आत्ता पाच मिनिटांचं काम आहे.

शेवटचे दोन वेढे सैल घाला, टेपचं टोक त्यांच्याखालून ओढून घ्या आणि मग आवळा. दिसणाऱ्या टोकाला दोन सेंटिमीटरची आवळणारी नळी घातली की ते कधी सुटत नाही.

बसवताना हार्नेस ओढू नका, ढकला आणि वाट करून द्या. फायरवॉलच्या ग्रोमेटला थोडं साबणाचं पाणी लावलं की तो सहज बसतो. ग्रीस नको, रबर फुगवतं. पत्र्याच्या जुन्या पट्ट्या परत वाकवताना त्यांच्याखाली टेपचा जादा थर किंवा रबराची पट्टी ठेवा, आणि पट्टी बसली की हार्नेस बोटाने थोडा फिरायला हवा, तेवढीच आवळा. अर्थच्या प्रत्येक जागी पत्रा लख्ख करून, दातेरी वॉशर घालून, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिन लावा, आधी नाही.

चिठ्ठ्या लगेच काढू नका. गाडी शे-दोनशे किलोमीटर चालू द्या, एकदा पावसात, एकदा रात्री. मग बॉनेट उघडून एक्झॉस्टच्या बाजूची टेप, क्लिपांखालची जागा आणि बॅटरीजवळचा भाग हाताने चाचपा. कुठे टेप चकाकायला लागली असेल तर तिथे उष्णता जास्त आहे, हार्नेस बोटभर लांब घ्या किंवा काचतंतूची नळी चढवा. ते झालं की चिठ्ठ्या कापा, आणि जोडांची मापं लिहिलेला वहीतला कागद गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवून द्या.